चौथा पिस्टन

“थांबली! परत थांबली!” रोहन गच्चीवरून ओरडला.

पाण्याच्या टाकीपाशी ‘कर्रर्र’ असा आवाज झाला आणि धनाजीमामाची लाल जावा मोटारसायकल जागच्या जागी बंद पडली. मामा खाली उतरला नाही. हँडलवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून तसाच बसून राहिला.

“चला, ढकलायला!” रेश्मा म्हणाली. ती मामाची मुलगी, तिला सवय होती. साताऱ्याहून सुट्टीला आलेल्या तिच्या आतेभावंडांनाही, म्हणजे अक्षता आणि रोहनलाही, आता सवय होत चालली होती. विहिरीत पोहायचं, कैऱ्या पाडायच्या, असे केवढे बेत करून दोघं तासगावला आली होती! पण १९९४ची ती सुट्टी मे महिन्याच्या उन्हात गाडी ढकलण्यातच चालली होती.

“मामा, आता काय झालं?” रोहनने विचारलं.

“घडवलेला तिसरा पिस्टनही गेला,” मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही थोडं बळ लागतं.

मामाने फौजेत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या. ही जावा इतकी जुनी, की तिचे भाग बाजारात मिळतच नसत. मग मामा ते घरीच घडवायचा. भंगारातले जुने पिस्टन परसातल्या भट्टीत वितळवायचे, तो रस वाळूच्या साच्यात ओतायचा, आणि वीज असेल तेवढ्या वेळात लेथवर कातून पिस्टन बरोबर मापाचा करायचा. भट्टीचा पंखा फिरवून फिरवून मुलांचे हात भरून येत. मामाची तर पाठ सरळ होत नसे.

आणि इतकं करून गाडी चार किलोमीटर गेली, की पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून जाम! सिलिंडरला ओरखडे पडत. ते घासून काढले, की सिलिंडरचं भोक थोडं मोठं होई आणि पुढचा पिस्टन थोडा जाड घडवावा लागे.

“आता एकदाच घासता येईल,” परसात गाडी लावताना मामा म्हणाला. “सिलिंडरची भिंत पातळ झालीय. चौथा अडकला की इंजिन संपलं.”

मामी, म्हणजे आक्काताई, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, “आवं, मग ऱ्हाऊ द्या की! दोन दिस झालं, भाकरी धड गोड लागंना तुमास्नी.”

“बिराप्पाला शब्द दिलाय.”

मामीने तांब्या त्याच्या हातात दिला. बिराप्पा म्हणजे मामाचा आटपाडीचा जिगरी दोस्त. गाडी त्याचीच. याच गाडीवर बसून दोघं मित्र फौजेत भरती व्हायला गेले होते. काचबिंदूने बिराप्पाची दृष्टी गेली, तेव्हा त्याने गाडी मामाकडे दिली आणि म्हणाला, “मला दिसायची न्हाई. पर एकदा तिचा आवाज ऐकीव.” आता त्याचा मुलगा त्याला सोमवारी बंगळूरला घेऊन निघाला होता, कायमचा. आज गुरुवार होता.

“मापं बरोबर घेतोय. तीनतीनदा घेतोय,” मामा आपल्याच हातांकडे बघत म्हणाला. “डोळं बिराप्पाचं गेलं, अन् हात माजा गेला.”

अक्षताला तर रडूच आलं, पण तिने ते उन्हावर ढकललं.

शुक्रवारी चौथा पिस्टन ओतला. शनिवारी सकाळी साडेनऊला वीज आली आणि लेथ फिरू लागला. मामाने रोहनला बोलावलं. “फौजी, हा प्लग कानशीनं घास. चकचकीत पायजे. अन् हरवू नको, त्याच्याबिगर गाडी सुरू हुयाची न्हाई!”

“नाही हरवणार!” रोहनने घासूनपुसून प्लग चड्डीच्या खिशात ठेवला.

तेवढ्यात मामीने डबा हातात दिला. “तात्यांना शेडवर जेवान देऊन या. लगीच या!”

तात्या म्हणजे मामाचे थोरले भाऊ लालासाहेब. द्राक्षं वाळवून बेदाणा करायची शेड त्यांची होती. तात्यांना बोलायला फार आवडे आणि ऐकायला मुळीच आवडत नसे. मुलं पोचली तेव्हा ते अंबूबाईवर डाफरत होते.

“तीन आठवडं झालं! पंधरा दिसात वाळणारा माल अजून चिकट कसा? व्यापारी बघून परत गेला! तुमी लोकांनी काय केलं काय?”

अंबूबाई दर वर्षी द्राक्षं बुडवायचं काम करायची. ती पदराने घाम पुसून खाली बसली.

रोहनने हळूच एक काळपट बेदाणा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. “शी! याला मामाच्या हातांचा वास येतोय!”

रेश्मा खो खो हसली. अक्षताही हसली आणि मध्येच थांबली.

“अंबूमावशी, द्राक्षं कशात बुडवतात हो?”

“हौदात, पोरी. पान्यात पावडर घालायची अन् ह्ये डिपिंगचं त्याल. मंग द्राक्षाची साल सैलावती अन् माल बिगीनं वाळतो.” अंबूबाईने कोपऱ्यातल्या पिवळ्या डब्याकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला. “त्याल घातलं की पानी दुधावानी पांढरं व्हतंय. ह्या बारीला झालंच न्हाई! त्याल आपलं वरच तरंगाय लागलं. मी सांगितलं की मालकास्नी. तर म्हनलं, तुजं काम तू बघ.”

“ही बारी कधीची?”

“पाडव्याच्या दुसऱ्या दिसाची.”

अक्षताने रेश्माचा दंड धरला. “मामाची गाडी कधीपासून अडकते?”

“पाडव्यापास्नंच! त्याआधी विट्याला जाऊन आलती. निळा धूर सोडायची नुसता. आता धूर कसा पांढुरका येतो, अन् वास…” रेश्माचे डोळे मोठे झाले. “वास या शेडसारखा येतो गं!”

“आणि पाडव्याला काय झालं होतं?”

“पूजा! माझ्या अप्पांची हत्यारं, गाडीच्या ऑइलचा डबा, तात्यांचा ह्यो डबा, सगळं अंगणात मांडलं होतं. डबे दोन्ही अप्पांच्याच ऑइलचे. तात्यांनी रिकामा नेऊन त्यात डिपिंगचं तेल भरलेलं. आईनं दोन्ही राखेनं घासले, वरचे नावाचे कागद खरवडून काढले, अन् हळदीकुंकू लावून शेजारी शेजारी…”

“अगं, पळ!”

रेश्माने डबा उचलला. तळाशी थोडंच तेल होतं. तिघं बांधावरून सुसाट सुटली.

“ए पोरांनो! माजा डबा कुठं नेताय रं?” मागून तात्या धावले. त्यांच्या मागे अंबूबाई.

टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, हे मुलांना एव्हाना पाठ होतं. तेच ऑइल पिस्टन ओला ठेवतं. ते खरं नसेल, तर पिस्टन कोरडा घासतो, तापून फुगतो आणि अडकतो!

परसात मामाने इंजिन जोडून टाकी भरलीसुद्धा होती. “रोहन कुठं गेला? प्लग आण रं!” तो हाका मारत होता.

“नाही देणार!” धापा टाकत रोहनने खिशावर हात दाबला. “मामा, चालू करू नका! ऑइल खोटं आहे!”

“चेष्टा नको रं गड्या,” मामा थकून म्हणाला. “लय दमलोय मी. दे इकडं.”

रोहनचे डोळे भरून आले, पण त्याने हात काढला नाही.

“अप्पा, दोन मिनिटं!” रेश्मा पाण्याचे दोन ग्लास घेऊन आली. “तुम्ही वास घ्या बघू या डब्याचा!”

ते मात्र मामाला जमणार नव्हतं. फौजेत बॅटरीच्या तेजाबाने त्याचं नाक मेलं होतं. मामीचं कालवण करपलं तरी त्याला पत्ता लागत नसे, आणि मामीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

अक्षताने मामाच्या डब्यातलं चमचाभर तेल एका ग्लासात टाकून ढवळलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं! मग शेडवरच्या डब्यातलं तेल दुसऱ्या ग्लासात टाकलं. ते ढवळून ढवळूनही वरच तरंगत राहिलं.

तेवढ्यात तात्या आले आणि ग्लास बघून उभेच राहिले.

“आगं बाई!” मामीने कपाळावर हात मारला. “मीच राखंनं घासलं की गं कागद! नवं दिसावं म्हून!”

“अन् पूजेनंतर डबं मीच जागंवर ठिवलं,” तात्या हळूच म्हणाले.

मामा मटकन ओट्यावर बसला आणि आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघू लागला. “मंजे हात ठीक हाय माजा,” तो म्हणाला. मग पुन्हा एकदा तेच म्हणाला.

तात्या मागे वळले. “अंबूबाई, तू सांगितलं व्हतंस. मी ऐकाय पायजे व्हतं. चुकलं माजं.”

“व्हय, चुकलं,” अंबूबाई म्हणाली आणि तिथेच टेकली. तीही दमली होती.

त्या दुपारी टाकी रिकामी केली, इंजिन उघडून धुऊन काढलं आणि शेडवरून परत आलेलं खरं ऑइल मोजून पेट्रोलमध्ये मिसळलं. मग रोहनने खिशातून प्लग काढून दिला. तिसऱ्या किकला गाडी निळा धूर ओकत धडधडली! पाण्याची टाकी मागे पडली, ओढा मागे पडला, मामा दिसेनासा झाला आणि अर्ध्या तासाने गाडीवर बसूनच परत आला. मुलं इतकी थकली होती की टाळ्यासुद्धा त्यांनी बसूनच वाजवल्या.

रविवारी मामा नव्या पिस्टनला जपत, दर आठ-दहा किलोमीटरला थांबत आटपाडीला निघाला. मागून तात्यांच्या जीपमधून मुलं. ऑइलच्या डब्यावर रेश्माने खिळ्याने ‘गाडी’ असं कोरलं होतं.

बिराप्पाच्या दारात बांधलेल्या ट्रंका होत्या. बिराप्पा बाजेवर बसला होता. गाडी गल्लीत वळली तसा तो काठी न घेताच उठला. मामाने गाडी त्याच्यापुढे उभी केली, पण बंद केली नाही. बिराप्पाने टाकीवर हात ठेवला, मान कलती करून कितीतरी वेळ ऐकलं.

“धना,” तो म्हणाला, “ह्यो तिचा आवाज न्हाई.”

मुलांचे चेहरे पडले. मामा पुढे झाला. “आवाज जरा जड झालाय गड्या. आतला पिस्टन मी घडिवलाय. घरीच.”

“तेच म्हनतोय.” बिराप्पाने चाचपत मामाचा हात शोधला आणि घट्ट धरला. “निम्मा तिचा हाय, निम्मा तुजा. बंगळूरला ह्योच घिऊन जातो कानात. आन् मर्दा, ही पोरं कुनाची? जीपमधनं धडाधड उतरली, अन् मगाधरनं चिडीचूप हायती.”

“माजी,” मामा म्हणाला. “तिन्ही माजीच. ही नसती, तर आज मी तुज्या दारात रिकामा आलो असतो.”

“मंग ऱ्हाऊ द्या चालू. आजून थोडं ऐकूया.”

तिघं बाजेच्या कडेला बसली आणि पेट्रोल संपेपर्यंत कोणीच उठलं नाही.