चार दहाची नोंद

स्क्रू-ड्रायव्हर मागायला म्हणून ओवेस शेजारच्या ऑफिसातून आला, तर दार सताड उघडं. आत एक मुलगी हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेली. तो खाकरला. ती किंचाळलीच!

"अहो, माणूस आहे मी..."

"बघून खात्री पटत नाही," रिदा हसली. मग तिची नजर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. "सर्व्हरचं काम करता? आमचा बघा ना! चोवीस डिस्क आहेत, तरी रडतखडत चालतो."

कामोठ्यातल्या त्या दोन खोल्यांत एका पक्षिमित्र संस्थेने कर्नाळ्याच्या पाखरांचे वीस वर्षांचे आवाज साठवले होते. बहुतेक संस्थेतल्या कमलाकरकाकांनी टिपलेले. काका २००९च्या मार्चमध्ये वारले. आता संग्रह रिदा सांभाळायची, आणि महिनाअखेरपर्यंत सर्व्हर सुधारला नाही, तर संस्था तो पुण्याला हलवणार होती.

ओवेस रोज दुपारी येऊ लागला. मोठ्या फायली सलग वाचल्या जाव्यात म्हणून त्याने फाइल सिस्टीमची मांडणी बदलली. एके दिवशी म्हणाला, "फाइल नुसती उघडली तरी हा तिची वेळ लिहीत बसतो. ती नोंद बंद केली की धावेल बघ." बोलता बोलता तो थबकला. "रिदा... काकांचं हे रेकॉर्डिंग रोज चार दहाला कोण ऐकतं?"

"कोणीच नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने नेटवर्कची केबल काढली, आपोआप चालणारी सगळी कामं थांबवली. दोघं पडद्यासमोर बसले, खांद्याला खांदा लावून. चार दहा... चोवीसच्या चोवीस दिवे एकदम लुकलुकले. डिस्क घरघरल्या. पडद्यावर त्या फायलीपुढची वेळ बदलली.

तिने त्याचा हात घट्ट धरला.

मग तिने फाइल लावली. वाऱ्याची सळसळ, हळद्याची शीळ — आणि काकांचा दबका आवाज, "हलू नकोस, रिदा. ऐक."

"मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कर्नाळ्याला गेले होते, तेव्हाचं," तिचे डोळे भरून आले. "नोंद बंद केलीस, तर ते येतात की नाही, मला कसं कळणार?"

नोंदीचं मुख्य बटण ओवेसने चालूच ठेवलं आणि काकांची ती एक फाइल सोडून बाकीच्या लाखभर फायलींची नोंद एकेक फोल्डर करून बंद केली. तीन दिवस लागले. सर्व्हर धावला. संग्रह कामोठ्यातच राहिला.

तो बॅग भरू लागला.

"उद्यापासून येणार नाहीस?"

"काम संपलं... का? एकटीला भीती वाटते?"

"काकांची कसली भीती! तू आला नाहीस तर मात्र..." पुढचं वाक्य ओठांतच राहिलं.

ओवेसने बॅग खाली ठेवली. "मला तू आवडतेस, रिदा. रविवारी अम्मीला घेऊन घरी येऊ?"

"रविवारी अब्बा उरणला जातात," ती कुजबुजली, खोलीत तिसरं कोणी ऐकत असल्यासारखी. "जुम्म्याला ये... नमाजनंतर."