दगडांची आंघोळ

“दगड धुतले? सगळे?” खारूने कपाळावर हात मारला.

“ब्रशने! साबण लावून!” भूशास्त्र संस्थेचे भांडारपाल काका अभिमानाने म्हणाले. “ते पांढरे डाग काही केल्या जाईनात, शेवटी पत्र्याने खरवडले!”

ते डाग म्हणजे रंगाचे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यावर खारूच्या आजोबांनी नंबर लिहिला होता. दगडांचं वय शोधण्यात त्यांनी चाळीस वर्षं घालवली होती. कुठला दगड कुठे मिळाला, किती कोटी वर्षांचा, सगळं नंबरवार वहीत होतं. नंबर गेला की उरली नुसती खडी!

आजोबा जाऊन महिना झाला होता. सुट्टीत मुलं त्यांची संस्थेतली खोली आवरायला आली होती. खारू आणि त्याचा मावसभाऊ ढोल्या काकांशी तावातावाने भांडायला लागले. खारूची तेरा वर्षांची ताई मात्र दगडांच्या ढिगाकडे बघत उभी होती. महिनाभर तिला ना रडू आलं होतं, ना धड भूक लागली होती. आत्ता रागही येत नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

“चार वाजता ट्रक येतोय. हे सगळं रस्त्याच्या भरावात जाणार,” काका म्हणाले. “ओळख पटत नाही, तर ठेवून काय लोणचं घालायचंय?”

“ढोल्या, तू ढिगावर बस!” खारू ओरडला. “तुला उठवायला क्रेन लागेल!”

“आणि तुला उडवायला फुंकर!” ढोल्या म्हणाला, पण बसला.

ताईने एक दगड उचलला, मग दुसरा. “सगळ्यांची एक बाजू कापलेली आहे,” ती कोरड्या आवाजात म्हणाली. “आजोबांनी तपासायला कापलेला तुकडा कुठे गेला?”

खारूने कपाटाचे खण भराभर उघडले. तळाच्या खणात कागदात गुंडाळलेल्या दगडाच्या चकत्या होत्या, आणि प्रत्येक कागदावर नंबर! नशीब, काकांची स्वच्छता तिथवर पोचली नव्हती. ताईने एक चकती दगडाला लावून पाहिली. रेघेला रेघ जुळली!

ट्रक आला. ढोल्या हलेना. ड्रायव्हर वैतागला, काका ओरडले, आणि गोंगाट ऐकून संस्थेच्या संचालकबाई धावत आल्या. तोवर टेबलावर साठ दगड जुळले होते.

बाईंनी एकेक जोडी निरखून पाहिली. “ट्रक परत पाठवा,” त्या काकांना म्हणाल्या. “शाब्बास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना हे सुचायला हवं होतं.”

काका ड्रायव्हरला सांगायला गेले.

मग बाई दगडांवर नंबर घालायला बसल्या आणि ताई पडताळणीसाठी वहीतून नोंदी वाचू लागली. तीनशे बारा नंबरच्या नोंदीवर ती अडली. तारीख तिच्या जन्माची होती.

“वाच ना!” खारू म्हणाला.

“‘आज फोन आला, नात झाली. दगडाचं वय प्रयोगशाळेत कळेल. नातीचं वय तीन तास.’” शेजारी नंतर लाल शाईने लिहिलं होतं, “‘दगड दोनशे सत्तर कोटी वर्षांचा. नात चालायला लागली.’”

ताईने ते पुन्हा एकदा मनात वाचलं.

“आमचे आजोबा गेले हो, बाई,” ती म्हणाली, जणू तिला ते आत्ताच कळलं होतं, आणि हमसून हमसून रडायला लागली.