धाकूकाकांच्या केबिनवरचा झेंडा

धाकूकाका वळकटी बांधत होते. सुतळी दोनदा तुटली, तशी ती तिथेच टाकून ते स्टुलावर बसून राहिले.

"काका, कुठे निघालात?" क्षिप्राने विचारलं.

"एजन्सीने सांगितलंय. संध्याकाळी नवा वॉचमन येतोय."

"आणि तुम्ही?"

"बघू. गावच्या घरावर कौलं नाय राहिली. भावाला विचारेन, पडवीत झोपू दे म्हणून."

ठाकुर्लीच्या मंदार सोसायटीचं गेट मे महिन्याच्या उन्हात तापलं होतं. नववीत जाणारी क्षिप्रा, तिची धाकटी बहीण समीक्षा आणि वागळे इस्टेटहून सुट्टीला आलेला त्यांचा मावसभाऊ केदार, तिघं गोळा खायला निघाले होते. आता कुणालाच गोळ्याची आठवण राहिली नाही.

भानगड सुरू झाली होती एका फोटोवरून. इमारतीला नवा रंग लागला म्हणून सेक्रेटरी सुधीरकाकांनी तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. शेजारी गेल्या ऑगस्टमधला जुना फोटो. जुन्यात प्रत्येक बाल्कनीत तिरंगा होता, नव्यात एकही नाही. कुणीतरी विचारलं, झेंडे कुठे गेले? दुपारपर्यंत 'गेले'चं 'चोरीला गेले' झालं होतं. संध्याकाळपर्यंत चोरही ठरला. कारण आवारात एकच झेंडा उरला होता, धाकूकाकांच्या केबिनवर.

"सगळ्यांचे गेले आणि माझा राहिला, म्हणून मीच घेतले म्हणतात," धाकूकाका म्हणाले. "मी नाय घेतले. पण तेच तेच सांगून आता कंटाळा आला, पोरांनो."

"स्वतःचा ठेवून बाकीचे चोरायचे? एवढा येडा चोर असतो काय?" केदार म्हणाला.

"हे सुधीरकाकांना जाऊन सांग," समीक्षा म्हणाली.

ते खरोखरच गेले. सुधीरकाका पंख्याखाली आडवे पडले होते. त्यांनी डोळेसुद्धा नीट उघडले नाहीत.

"बाळांनो, सेक्रेटरी झाल्यापासून मला झोप नाही. टाकी, लिफ्ट, पार्किंग, आता झेंडे. मी एजन्सीला कळवून मोकळा झालोय. तुमच्याकडे पुरावा असेल तर या, नाहीतर उन्हात भटकू नका."

तिघं केबिनच्या सावलीत येऊन बसले. समीक्षाने भिंतीला पाठ टेकली आणि लगेच काढली. तिच्या फ्रॉकला जुन्या रंगाचे पोपडे चिकटले होते.

"शी. केबिनला रंग का नाही दिला?"

"राहिलाय. रंगारी शहाडच्या कामावर गेलेत. परत येऊन देणार आहेत," क्षिप्रा म्हणाली आणि एकदम थांबली. तिने इमारतीकडे पाहिलं, मग केबिनकडे. "केदार, जिथे जिथे रंग लागला, तिथला झेंडा गेला. जिथे लागला नाही तिथला आहे."

"म्हणजे रंगाऱ्यांनी काढले."

"पण परांचीवर उभा राहून रंगारी एकेका बाल्कनीतला झेंडा काढतोय, आणि घरातल्या एकालाही दिसत नाही?"

"आपल्या घरात विचारू की," समीक्षा म्हणाली.

प्रश्न ऐकून आईने लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

"मीच सांगितलं काढायला," ती म्हणाली. "गजाला घासून फाटला होता गं. रंग उडालेला. रोज कपडे वाळत घालताना दिसायचा आणि वाटायचं, उतरवावा. पण उतरवून ठेवायचा कुठे? कचऱ्यात टाकवत नाही. आणि लोक म्हणतील, यांनी झेंडा काढला. मग रंगाऱ्याने विचारलं, काढू का? म्हटलं, काढ बाबा, तूच काढ."

"मग ग्रुपवर का नाही लिहिलंस?"

"काय लिहू? तिरंगा मीच काढायला लावला म्हणून? मला वाटलं, आपला तेवढा असा गेला. बाकीच्यांचे खरंच चोरीला गेले असतील."

"आणि धाकूकाका?"

पोळी तव्यावर करपली.

जिन्यात आल्यावर क्षिप्रा म्हणाली, "मला वाटतं, सगळ्या घरांत हेच झालंय. पण सरळ विचारलं तर कुणी बोलणार नाही. आपण उलटं करू."

तिने पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली.

"हेमांगीकाकू, तुमचा झेंडा सापडलाय. आणून देऊ?"

हेमांगीकाकूंचा चेहरा उतरला. "अगं नको. चोरीला नव्हता गेला तो. रंगाऱ्यालाच म्हटलं होतं काढायला. आणि हे कुणाला बोलू नकोस हं."

दुसऱ्या मजल्यावरही तेच. वरच्या मजल्यावर सुधीरकाकांच्या बायकोने, विनिताकाकूंनी, आत डोकावून हळूच सांगितलं, "ह्यांनीच फोनवरून रंगाऱ्याला सांगितलेलं, बाल्कनीवरचं सगळं काढून टाक. ऑफिसच्या गडबडीत होते. विसरले असतील."

"भारी आहे तुमची सोसायटी," केदार जिना चढताना म्हणाला. "सगळ्यांनी काढायला लावले आणि सगळे चिडीचूप."

निवृत्त मुख्याध्यापक श्रीपादआजोबांनी मात्र काही लपवलं नाही.

"मला नियम माहीत होते," ते म्हणाले. "घरावर झेंडा आता दिवसरात्र ठेवता येतो. पण फाटलेला, मळलेला ठेवायचा नाही. रोज म्हणायचो, उद्या उतरवू. कंटाळा केला. आणि काल ग्रुपवर वाचूनही गप्प बसलो. तो जास्त मोठा कंटाळा. झेंडे कुठे आहेत?"

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. रंगकामाचा राडारोडा न्यायला माणसं आली होती आणि गच्चीवरून गोण्या उतरवायला लागली होती.

रंगाऱ्यांनी काढलेले झेंडे त्या राड्यातच असणार, म्हणून तिघं दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले. टाकीमागे रंगाचे रिकामे डबे आणि फुटक्या लाद्यांच्या गोण्या होत्या. एका गोणीच्या तोंडातून पिवळट पडलेली केशरी पट्टी बाहेर आली होती. हमालाने तिला हात घातला.

"ती नाही!" समीक्षा ओरडली आणि गोणीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली.

"अगं ए पोरी, सोड. कचरा आहे तो."

"कचरा नाहीये. उघडून बघा."

हमालाने बघितलं आणि हात मागे घेतला. मग त्यानेच ती गोणी उचलून जिन्यापर्यंत आणून दिली.

गोणी खाली आली तशी गेटवर माणसं जमली. क्षिप्राने झेंडे एकेक करून सतरंजीवर ठेवले. तिने कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त सुधीरकाकांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःचा झेंडा लगेच ओळखला. त्याच्या कोपऱ्यावर विनिताकाकूंनी टाकलेली शिवण होती.

"हा मीच काढायला सांगितला होता," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "साफ विसरलो." मग हेमांगीकाकूंनी मान हलवली. मग आईने. एकेकजण बोलत गेला. सुधीरकाकांनी फोन काढला आणि एजन्सीला नवा माणूस पाठवू नका म्हणून सांगितलं.

"धाकू, चुकलं आमचं."

"जाऊ दे साहेब," धाकूकाका म्हणाले.

"मुलांनो, तुम्ही चोर शोधायला निघालात आणि आम्हाला शोधून काढलंत," श्रीपादआजोबा म्हणाले. "शाबास. आता उरलेलं काम आमचं. जीर्ण झेंडे उद्या सकाळी गच्चीवर, गाजावाजा न करता, मानाने अग्नीला द्यायचे. पूर्ण, तुकडे न करता. मी येतो."

"मीपण," सुधीरकाका म्हणाले.

धाकूकाकांनी वर बघितलं. केबिनवरच्या झेंड्याची कड उसवून दोरे लोंबत होते.

"मग माझापण उतरवू काय? मलाही धीर होत नव्हता."

सुधीरकाकांनी स्टूल धरलं. धाकूकाका चढले. झेंडा जमिनीला लागू नये म्हणून समीक्षाने खाली दोन्ही हात पसरले. आजोबांनी सांगितलं तशी केदारने केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याखाली दुमडली, आणि मधलं चक्र तेवढं वर राहिलं.

धाकूकाकांनी वळकटी उलगडली. नवी सुतळी त्यांनी मागितलीच नाही.

"जरा पाठ टेकतो," ते म्हणाले. "मग गेटवर येतो."

"झोपा तुम्ही," सुधीरकाका म्हणाले आणि गेटवरच्या स्टुलावर जाऊन बसले.