आधीच पोचलेली ओळ

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बहीण-भावाचा धंदा चालायचा. बेकऱ्यांच्या भट्ट्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम ते लिहायचे. बाहेरच्या खोलीत ताईचा कॉम्प्युटर, आतल्या खोलीत धाकट्याचा. दोघांकडे प्रोग्रामची एकेक प्रत. एकाने केलेला बदल दुसऱ्याकडे पोचायचा राहिला, की कुणाचे तरी पाव कोळसा व्हायचे आणि ताईच्या डोक्याची भट्टी.

म्हणून ती प्रती जुळवणारी तीन साधनं तपासत होती. इकडे एक ओळ बदलायची, सेव्ह करायची, आत जाऊन पाहायचं. पहिलं साधन दर बदलामागे कारण लिहून मागायचं. शिस्तीचं होतं, पण कारण लिहायच्या कंटाळ्याने धाकटा बदल स्वतःकडेच दाबून ठेवायचा. दुसरं आपणहून धावायचं, पण दोघांनी एकाच वेळी हात लावला की गोंधळ घालायचं. तिसरं दोन्ही कॉम्प्युटर वायरने थेट जोडायचं. ना कारण, ना गोंधळ. इतकं गुणी की ताईला त्याचा संशयच आला.

तसा संशय तिच्या मनात आधीपासून होता, तो धाकट्याबद्दल. हल्ली फोन आला की तो जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलायचा. तो वेगळा झाला तर हे गाडं तिला एकटीला ओढता आलं नसतं. आणि धंदा गेला तरी चालेल, तो जाणं तिला सोसलं नसतं.

त्या दुपारी तिसरं साधन तपासताना तिने एक ओळ बदलली आणि सेव्ह करायचं विसरूनच आत गेली. ओळ तिथे पोचली होती.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "माझ्या कॉम्प्युटरमध्ये डोकावतोस का रे?"

"मी कशाला डोकावू? तू तशीही सगळं ओरडूनच सांगतेस."

ती हसली नाही. तिने दोन खोल्यांना जोडणारी वायर उपटली, धाकट्याला बाहेर आपल्या खुर्चीवर बसवलं आणि एक ओळ नुसती मनात ठरवली. कीबोर्डला बोटही लावलं नाही. मग एकटीच आत गेली.

ती ओळ तिथे होती.

तिच्याखाली आणखी कितीतरी ओळी होत्या, ताईला न सुचलेल्या. दर तुकड्यानंतर एक ओळ रिकामी. ही खोड धाकट्याची. चोर सापडला, असं वाटून तिने त्याला हाक मारली.

"हे कधी लिहिलंस?"

तो वाकून वाचू लागला. खाली शिंप्याचं मशीन थांबलं.

"मी नाही लिहिलं, ताई."

"खोड तुझी आहे."

"हो. खोड माझीच आहे."

"आणि जिन्यातले फोन?"

"दुसरी एक कंपनी बोलावतेय. मी नाही म्हणतोय. तुला सांगितलं असतं तर तूच जा म्हणाली असतीस."

ताईला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात धाकट्याने पडद्याच्या खालच्या भागावर तळहात ठेवला.

"पुढचं वाचू नकोस."

तिने त्याचा हात बाजूला केला. तिथे, नंतर वाचणाऱ्या माणसांसाठी लिहितात तशी, एक टीप होती, अजून न उजाडलेल्या तारखेची.

'हा भाग ताईचा. ती गेल्यापासून कुणी बदललेला नाही. बदलायचा नाही.'

बाहेरच्या खोलीत बारीकसा टिंग आवाज झाला.

ताई उठून गेली. उपटलेली वायर टेबलावर तशीच पडली होती. तिच्या पडद्यावर हिरवी खूण आली होती आणि शेजारी लिहिलं होतं: दोन्ही प्रती आता सारख्या आहेत.