पावटे आणि विलायती वांगी

पौषातली सकाळ होती. धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात आमच्याकडे पावटा पेरतात. त्याच्या शेंगा तोडायला मी निघाले होते, आणि धुकं असं दाट की आमचा बांध कुठं संपला आणि दुसऱ्याचं वावर कुठं लागलं, ते मला समजलंच नाही. आता कुणी म्हणेल, मुद्दाम गेलीस. नाही बाई, शपथेवर सांगते, त्या दिवशी मुद्दाम नव्हते गेले. नंतर गेले ते मुद्दाम, ते वेगळं.

धुकं जरासं उठलं आणि समोर… काय सांगू! काठ्यांना बांधलेली हिरवी झाडं, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर लाल लाल गोळे. दवानं न्हालेले. लाल रंग मी कुंकवात पाहिला होता, मिरचीत पाहिला होता. पण असा ओला, आतून दिवा लावल्यासारखा लाल उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाटी कमरेवर तशीच धरून मी खुळ्यासारखी बघत राहिले.

"तोडायचं आसंल तर तोड की," मागून आवाज आला. "नुसती नजर लावू नगंस."

मी दचकून वळले. हैबत होता, शेजारच्या वावरवाल्या गेणबांचा पुतण्या. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवला, मग खडकीला लष्करी मेसात कामाला लागला आणि गेल्या दिवाळीला नोकरी सोडून परत आला. गावातली टवाळ मंडळी त्याला आचारी म्हणायची. मी त्याला असं जवळून पहिल्यांदाच पाहत होते. भुवईवर दवाचा थेंब अडकला होता त्याच्या, आणि तो पडतोय की नाही याकडेच माझं लक्ष.

"चोर न्हाई मी," मी म्हटलं. "बघत हुते."

"मग झालं का बघून?"

"न्हाई," असं तोंडातून निघून गेलं, आणि कशाबद्दल विचारलं ते मग ध्यानात आलं. मी जीभ चावली. तो हसला… आणि तो थेंब पडला.

ही विलायती वांगी. टंबाटी. बाजारात एकदोनदा टोपलीत पाहिली होती, पण कापलं की आतून मांसावाणी दिसतं म्हणून आईनं ती उंबऱ्याआत कधी येऊ दिली नव्हती. मी हे त्याला सांगितलं. त्यानं एक फळ तोडलं, सदऱ्याला पुसलं आणि सरळ दात लावला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. माझ्या अंगावर काटा आला, आणि तोंडाला पाणीही सुटलं. दोन्ही एकदम कसं होतं कुणास ठाऊक.

मग तो मेसातल्या गोष्टी सांगायला लागला. तिथं म्हणे साहेब लोक न्याहारीला पावट्यासारखे दाणे खातात, टंबाट्याच्या रसात शिजवलेले, आणि ते येतात पत्र्याच्या डब्यात. डबा चहूकडून बंद. आत शिजलेलं अन्न. वर्ष गेलं तरी विटत नाही.

मी तोंडात बोटच घातलं. आमच्याकडे सकाळची आमटी संध्याकाळी आंबते! कुठल्या मुलखात कुणी बाईनं दाणे शिजवले असतील, ते डब्यात बसून समुद्र ओलांडून आले असतील आणि इथं खडकीला उघडल्यावर ताजेच्या ताजे… मला ते देवाच्या करणीसारखं वाटलं. बाई नसते, कारखाना असतो, असं हैबत म्हणाला. मला बाईच बरी वाटली.

"तुज्या पावट्याचं तसंच करून दावतो," तो म्हणाला.

"येतंय तुमास्नी?"

"डोळं झाकून."

दुसऱ्या दिवशी मी गेल्या सालचे सुके पावटे पदरात बांधून नेले. हेच ते मुद्दाम जाणं. त्याच्या खोपीपुढं निखाऱ्यांचा आर फुलला होता. त्यानं भिजवणं नाही, काही नाही, तसेच दाणे मडक्यात ओतले, वर टंबाटी कुस्करली, मीठ-मिरची घातली, पाणी ओतलं आणि मडकं आरात पुरलं. असा थाटात बसला की जणू लाटसाहेब जेवायला येणार आहेत. मी शेंगा तोडायला गेले. उन्हं डोक्यावर आली तरी मडकं आरातच. शेवटी काढलं. वास असा घमघमला की माझी भूक खवळली. हैबतनं दाणा तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दाणे खड्यासारखे! आम्ही आणखी निखारे लोटले, आणखी वाट पाहिली. दाणा काही मऊ पडेना.

मला काहीतरी शंका आली. मेसात हे दाणे कोण शिजवायचं, मी विचारलं.

तो मडक्याकडे बघत राहिला. "ते डब्यात शिजूनच येत हुतं."

"मग तुमी काय करत हुता?"

"डबं फोडत हुतो… आन् गरम करत हुतो."

मी हसले म्हणजे किती हसले! पाटी कलंडली, शेंगा सांडल्या, मी खाली बसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. मग तोही हसायला लागला, आणि आम्ही दोघं धरणाच्या काठावर वेड्यासारखे हसत बसलो. मला वाटतं, माझं मन गेलं ते तेव्हाच. डौल मिरवणारे गडी मी पुष्कळ पाहिले होते. स्वतःवर हसणारा हा पहिलाच.

चूक कुठं झाली ते मला ठाऊक होतं. आंबट आधी पडलं की दाणा आखडतो. म्हणून तर आई वरणात आमसूल शेवटी टाकते. पावटा आधी भिजवायचा, मोड येऊ द्यायचे, सालं काढायची, नरम शिजवायचा, आणि मगच आंबटाशी त्याची गाठ घालायची. मी हे सांगताना तो असा ऐकत होता की मलाच आपण फार काही सांगतोय असं वाटायला लागलं.

दाण्यांना मोड आले त्या सकाळी आम्ही समोरासमोर सालं काढायला बसलो. चिमटीत दाबलं की दाणा सुळकन सुटतो. त्याचा एक दाणा उडून माझ्या गालावर बसला. मी डोळे वटारले.

"मुद्दाम न्हाई केलं."

"दुसराबी आला की."

"त्यो मुद्दाम," तो म्हणाला आणि मान खाली घालून सालं काढायला लागला. एकाच परातीत चार हात. बोटाला बोट लागलं की दोघांचे हात थांबायचे… आणि पुन्हा चालू व्हायचे. पाण्यावरून गार वारा येत होता, आणि माझं तोंड मात्र तापलेलं.

त्यानं कांदा चिरला. काय तो हात! सुरी दिसतच नव्हती, नुसता आवाज. त्यात लसूण, मिरची, टंबाटी, गुळाचा खडा असं रटरटू दिलं. नरम दाणे त्यात सोडले. मग माझी पाळी. माझी आई घाटाखालची, तिच्या माहेरी मडकं आरात पुरून शेंगा भाजतात. मी मडक्याच्या तोंडावर झाकण ठेवून कडेनं कणीक लिंपली, निखाऱ्यात पुरलं, वर गरम राख ओढली आणि त्याला बजावलं, हात लावायचा नाही.

मडकं उघडलं तेव्हा उन्हं कलली होती. कणकेची कड फुटली आणि वाफ वर आली. काय वास होता तो! आंबट, गोड, धुराचा, मातीचा. आत दाणे तांबूस रसात चमकत होते. दाणा न् दाणा अख्खा, आणि बोटानं दाबला तर लोणी. आम्ही दोघंही मडक्यावर वाकून नुसते पाहत राहिलो. चार घरगुती जिनसांत आणि थोड्या विस्तवात एवढं काही दडून बसलेलं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानं द्रोण पुढं केला. माझा हात अडला. उंबऱ्याआतली आई आठवली.

"मनात नसंल तर नगं खाऊस," हैबत हळूच म्हणाला. "नुसतं बघ. मला राग न्हाई येनार."

त्या बोलण्यानंच मी घास घेतला. आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं नाही. जग एवढं मोठं आहे, चवदार आहे, आणि ते माझ्या बापाच्या बांधाला लागूनच आहे, या नवलानं आलं.

"गोजरा," तो म्हणाला, "मला चुलीपाशी बसायची लाज वाटत न्हाई. पर एकट्यानं जेवायचा लई कंटाळा आलाय."

मी द्रोणात बघूनच म्हटलं, "मग आप्पास्नी इचारा."

गेणबा सोयरीक घेऊन आमच्या घरी आले, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या बापानं, कुशाबांनी, एका वाक्यात त्यांची बोळवण केली. चुलीपुढं बसणाऱ्या गड्याला पोरगी द्यायची नाही. वर ती लाल वांगी खाणाऱ्याला तर नाहीच नाही. मी दाराआड उभी होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही गेलं नाही. आई माझ्याकडे नुसती बघायची. मग एकदा भाकरी थापता थापता ती आप्पांना म्हणाली, "बघितल्याबिगर बैलसुदिक कुनी नाकारत न्हाई, ह्यो तर मानूस हाय."

आप्पा चिडले, पण दोन दिवसांनी निघाले. आमच्याकडे रीत आहे, जिथं मुलगी द्यायची नाही त्या घरचं पाणी मुलीच्या बापानं घ्यायचं नाही. पाणी घेतलं की बोलणं पुढं गेलं. म्हणून आप्पांनी जाताना घरचा तांब्या भरून बरोबर घेतला. आईही भाकरी बांधून घेऊन निघाली आणि तिनं मला मागून चलायची खूण केली.

हैबतनं आणि मी पहाटेच सगळी तयारी केली होती आणि मडकं मी आमच्या बांधावर पुरलं होतं. आप्पांनी हैबतचं वावर पाहिलं, खोप पाहिली. परतताना आमच्या बांधावर टेकले. हैबत पलीकडं त्याच्या वावरात उभा होता. मी मडकं उघडलं. वास सुटला. आप्पांनी नाक मुरडलं, मग नुसतंच नाक हललं.

"हे कुनाचं?"

"पावटं आपलं," मी म्हटलं. पोरीच्या हातचं खायला बापाला आडकाठी नसते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, तोंडात घातला… आणि थांबले. मग दुसरा तुकडा. मग तिसरा मोठा. एवढ्यावर आम्ही गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. सगळं मीच केलं असं आप्पांना वाटत होतं.

पण हैबत पुढं झाला. "टंबाटी माजी हायेत आप्पा. कांदाबी म्या चिरलाय, सालंबी म्या काढलीत. पोरीवर घालून खोटं न्हाई बोलायचं मला."

आप्पांचा घास हातातच राहिला. संपलं, मला वाटलं. त्यांनी हैबतला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"उद्या ही आजारी पडली, ताप भरला, तर?"

"तर म्या रांधून घालीन. हिनं निजून ऱ्हायचं."

आप्पांनी मान वळवून आईकडे पाहिलं. दर पावसाळ्यात हिवतापानं कुडकुडत, पदर आवळून चुलीपुढं बसलेली आई मी पाहिली होती. आप्पांनीही पाहिली होती, रोज, आणि ताट पुढं ओढून जेवले होते. आई धरणाच्या पाण्याकडे बघत होती. आप्पांनी उरलेला घास संपवला, बोटं चाटली, हात झटकले. भरलेला तांब्या त्यांच्या गुडघ्याशी होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढं धरली.

"हैबतराव," आप्पा म्हणाले, "पानी वता."

हैबत खोपीकडे पळाला, घागर घेऊन आला. ओतायला वाकला, पण बघत होता माझ्याकडे. मीही त्याच्याकडेच बघत होते, आणि आप्पांदेखत असं बघू नये हे मला सुचलंसुद्धा नाही. पाणी आप्पांच्या ओंजळीत कमी आणि धोतरावरच जास्त सांडत होतं. हाती लागलं तेवढं ते प्याले, आणि ओंजळ पुन्हा पुढं केली.