मावशीचा आवाज भरून घेताना

तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात एक केबल होती, तोंडात दुसरी, आणि डोळ्यांतलं पाणी कधीही ओघळेल अशा बेतात होतं.

दारातला माणूस ते बघून एक पाऊल मागे सरकला.

"माफ करा... मी खालच्या मजल्यावरून आलोय. पियानो सुरात लावायचं काम करतो. मघापासून तुमच्याकडून एक आवाज येतोय. तक्रार नाही हं! पण तो धड वरच्या सुरात नाही, धड खालच्या नाही, मधेच लोंबकळतोय. मला काम सुचेना."

तिनं तोंडातली केबल काढली. "मलाही सुचत नाहीये. आत या, आणि त्यालाच सांगा."

'तो' म्हणजे टेबलावरचा लाल डबा. ती पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची, घरबसल्या. माइकमधला आवाज या डब्यातून कॉम्प्युटरमध्ये जायचा. ऑडिओ इंटरफेस हे त्याचं भारदस्त नाव, पण घरात तो डबाच. इतकी वर्षं गुणी बाळासारखा वागला. आणि काल तिनं कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घेतली, तशी दोघांनी एकमेकांची ओळखच टाकली. डबा क्षणभर दिसायचा, लगेच नाहीसा व्हायचा, आणि जाता जाता स्पीकरमधून कण्हायचा.

"नवी सिस्टीम कालच कशाला घेतलीत?"

"कॉम्प्युटर रोज विचारायचा हो. शेवटी भिडेखातर घेतली."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीक खळी पडली. ही खळी बघायची वेळ आहे का, असं तिनं स्वतःला दटावलं.

"कोण आलंय गं ठमे? उभं काय ठेवलंयस?" आतून आवाज आला. घोगरा, थकलेला, पण ठसठशीत.

"माझी मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "तिनंच मला वाढवलं. उद्या तिला दवाखान्यात न्यायचंय. घशाचं ऑपरेशन आहे. जीवाला धोका नाही म्हणतात, पण... स्वरयंत्र काढणार आहेत. रोजची वाक्यं आधीच भरून ठेवली, तर नंतर फोनवर बटण दाबलं की ती तिच्याच आवाजात वाजतील. इतके दिवस ती तयारच होत नव्हती. आज सकाळी उठून स्वतः म्हणाली, चल, भरून टाकू. आणि आजच हे!"

"फोनवर भरून बघितलं?"

"नुसती घरघर येते. हा माइक तिला नीट पकडतो."

त्यानं बाह्या वर सारल्या. "माझ्याकडेही असाच डबा आहे. नवी सिस्टीम आली तेव्हा आठवडाभर मी त्याच्या हातापाया पडत होतो. बघू, आज ती शिक्षा कामी येते का."

आधी त्यानं डब्याची केबल मधल्या हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावली. कण्हणं थांबलं. पण डबा पडद्यावरून पुरता गायब झाला.

"छान!" ती म्हणाली. "आधी निदान कण्हत तरी होता."

"थांबा हो, पेशंट दगावला नाहीये." त्यानं जुना ड्रायव्हर काढून टाकला. डब्याची भाषा कॉम्प्युटरला समजावणारा हा दुभाषी, पण नव्या सिस्टीमला तो चालत नव्हता. कंपनीच्या साइटवरून त्यानं नवा घेतला, तर सिस्टीमनं त्यालाही दारातच अडवलं. मग सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या पानावर, पार तळाशी, 'परवानगी द्या' असं एक बारकं बटण सापडलं.

"हे सकाळपासून इथंच होतं?" तिनं कपाळाला हात लावला.

"इथंच. आता कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, आणि वाट बघायची. वाट बघताना माणसं गप्पा मारतात असं ऐकलंय."

"मारा मग."

"मी... रोज दुपारी तुम्हाला ऐकतो. शब्द कळत नाहीत, नुसते चढउतार. तुम्ही वाचायला लागलात की मी हात थांबवतो."

"काय सांगता! आणि तुम्ही एकच पट्टी ठोकत बसता म्हणून मी थांबते!"

"म्हणजे इतके दिवस आपण दोघंही..."

कॉम्प्युटर सुरू झाला. डबा दिसला. तिनं इतक्या जोरात टाळी वाजवली की मावशी बाहेरच आली. "लागला का रुळावर? कुठं बसू सांगा."

पण मावशी बोलली आणि स्पीकरमधून नुसती तडतड ऐकू आली. डब्याचा आवाज टिपायचा वेग वेगळा, कॉम्प्युटरचा वेगळा. त्यानं सेटिंग्जमध्ये दोन्हींचे आकडे सारखे केले. तडतड गेली, आणि सगळंच शांत झालं. पडद्यावरची रेघ ढिम्म हलेना.

त्यानं हात टेकले. "माझी अक्कल इथं संपली."

ती पडद्याकडे एकटक बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "सकाळी त्यानं काहीतरी विचारलं होतं... या प्रोग्रामला माइक वापरू द्यायचा का? मी वैतागून 'नको' म्हटलं होतं!" तिनं ती परवानगी शोधून सुरू केली.

"मी मेली किती वेळ इथं ताटकळत..." मावशीचं वाक्य अर्ध्यात होतं, आणि हिरवी रेघ टुणकन उडाली.

तिघंही ओरडली. रेघ आणखी उंच उडाली.

मग खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. ती मावशीजवळ बसली, तो पडद्यापाशी. मावशी एकेक वाक्य बोलत गेली. "जेवलीस का?" "बंद कर तो टीव्ही." "मला काही झालेलं नाही, उगाच गर्दी करू नका." आणि मग नुसतीच हाक, "ठमेऽ!" लहानपणी अंगणात खेळताना ऐकू यायची तशी. ठमीनं मान फिरवली. त्यानंही.

मावशीनं मात्र खाकरून घसा साफ केला. "काय रे, तुला घरी काय म्हणतात?"

"मला? बंडू... पण का?"

"भरून ठेवते. पुढं पंचाईत नको."

"मावशी!" तिचे कान लालबुंद झाले.

"बंडू, बस रे. चहा घेऊन जा," मावशी माइकमध्ये स्पष्ट, निवांत बोलली. बंडू पडद्यावर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा वाकला. ते वाक्य पुसायला मात्र त्यानं हात लावला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर मावशीनं फोनवर पहिलं बटण टीव्हीच्या वाक्याचं दाबलं, आणि तिचा आवाज ऐकून नर्सनं खरंच टीव्ही बंद केला. ठमी हसता हसता रडली.

मावशी घरी आली. बंडू येत राहिला. कधी केबल बघायला, कधी माइकचा स्टँड घट्ट करायला. काम पाच मिनिटांचं, बसणं तासाचं. मग एका संध्याकाळी तो दारात येऊन म्हणाला, "सिस्टीमचं नवं अपडेट आलंय म्हणे. डबा बघून घेऊ?"

"कालच आलं. मी ड्रायव्हर बदलला, परवानग्या दिल्या, आकडे जुळवले. मस्त चालतोय."

त्याचा चेहरा पडला. "अरे वा... मग काही कामच नाही."

"नाही."

"बरं..." तो जिन्याकडे वळला. आणि तिच्या लक्षात आलं, हा भला माणूस आता खरंच जाईल!

"अहो, थांबा ना! काम असलं तरच यायचं असं कुणी सांगितलंय? परवा... परवा ती केबल मीच काढून ठेवली होती."

"माहितीये." खळी हळूच उमटली. "म्हणून तर बसवायला इतका वेळ लावला."

"मला तुमच्याशिवाय करमत नाही. झालं! बोलले." अशी वाक्यं तिनं माइकसमोर शेकड्यांनी वाचली होती. छातीत इतकं धडधडलं मात्र कधीच नव्हतं.

तो जवळ आला. "मलाही नाही करमत. खाली पियानो लावतो, आणि कान असतो वर... पण ते 'तुमच्याशिवाय' जरा बेसूर वाटतंय. 'तुझ्याशिवाय' म्हणून बघतेस?"

तिनं दार सताड उघडलं.

"तू आधी आत ये," ती म्हणाली.

आणि पहिल्यांदाच, टेबलाकडे ढुंकूनही न बघता, तो आत आला.