संकोचांक

कासारनेर नगरपरिषदेत गेल्या नऊ वर्षांत एकही फाइल टेबलावर पडून राहिली नव्हती. अर्ज आला की ‘निर्णायक’ तो वाचायचा, नियमांशी ताडून पाहायचा आणि चार मिनिटांत निकाल द्यायचा. निर्णायक म्हणजे शासनाने सगळ्या नगरपरिषदांना दिलेली संगणकप्रणाली. नळजोडणी, हातगाडीचा परवाना, बांधकामाची परवानगी, निराधारांचं अनुदान, सगळं तिच्याकडे. तिला कोणाची ओळख लागत नसे, चहापाणी लागत नसे, आणि नियमाच्या बाबतीत ती कधी चुकत नसे.

कायद्याने एकच गोष्ट माणसासाठी राखून ठेवली होती. कोणीतरी निकाल वाचून ‘पाहिले’ हे बटण दाबल्याशिवाय तो नागरिकाकडे जाऊ शकत नव्हता. कासारनेरमध्ये ते बटण मुख्याधिकारी वैजयंती घोलप दाबत असत. दिवसाला दीडशे वेळा.

त्या वर्षी सरूबाई गायधनी नावाच्या म्हाताऱ्या बाईचं अनुदान बंद झालं. पन्नास वर्षं विड्या वळून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्रावर ठसा उमटेना. निर्णायकाने निकाल दिला : ‘हयात असल्याची खातरजमा नाही. अनुदान स्थगित.’ वैजयंतीबाईंनी ‘पाहिले’ दाबलं. तीन महिन्यांनी शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा घरात पिठाचा डबा रिकामा होता आणि सरूबाई खरोखरच हयात नव्हती.

चौकशी झाली. नियम पाळले गेले होते, त्यामुळे दोष कोणावरच आला नाही. चौकशी अधिकाऱ्याने जाता जाता एवढंच विचारलं, “निकाल तुम्ही वाचला होता?”

“हो.”

“मग?”

न वाचता बटण दाबलं असतं तर निदान आळशीपणाची कबुली देता आली असती. पण त्यांनी शब्द न् शब्द वाचला होता. वाचला, आणि आत काही हललं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस त्या आरशासमोर वेणी घालताना स्वतःची नजर टाळत होत्या.

असं का झालं, हे विचारायला त्या विद्यापीठात डॉ. नसीमा इनामदारांकडे गेल्या. नसीमाबाई मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक. लाज वाटते तेव्हा शरीरात काय घडतं, याचा त्या वीस वर्षं अभ्यास करत होत्या.

“माणूस ‘मला लाज वाटली’ असं म्हणतो, त्याच्या आधीच त्याच्या शरीराला ते कळलेलं असतं,” नसीमाबाई म्हणाल्या. “गालाकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळहाताला बारीक घाम येतो, श्वास अर्धा क्षण अडकतो. हे सगळं मोजून आम्ही एक आकडा काढतो. शून्य ते शंभर. त्याला आम्ही संकोचांक म्हणतो. आपल्या हातून दुसऱ्याचं काही वाईट होतंय, हे वाचताना तो उसळतो.”

त्यांनी वैजयंतीबाईंच्या मनगटावर एक पातळ पट्टी बांधली, कानामागे टिकलीएवढी चकती चिकटवली आणि पन्नास जुने निकाल वाचायला दिले. त्यात सरूबाईंचा निकालही होता. पडद्यावरची रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट राहिली.

“म्हणजे माझ्यात खोट आहे,” वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या.

“खोट नाही. चामडी कमावतात तिथे शेजारी राहणाऱ्याला वास येतो का? नवा पाहुणा नाकाला पदर लावतो, घरातली माणसं निवांत जेवत असतात. मेंदू तेच तेच पुन्हा जाणवून घेत नाही. याला सरावणं म्हणतात. तुम्ही नऊ वर्षं निकाल वाचताय.”

“मग उपाय?”

“नवं नाक आणायचं,” नसीमाबाई म्हणाल्या. “ज्याने सरकारी कचेरी आतून पाहिलेलीच नाही अशा कोणाला तरी निकाल वाचायला बसवा. संकोचांक चाळिसाच्या वर गेला की तो निकाल थांबवा आणि अर्जदाराला प्रत्यक्ष बोलवा. फक्त एक अट आहे. आपण काय मोजतोय हे त्या व्यक्तीला कळता कामा नये. कळलं की माणूस स्वतःवर पहारा ठेवतो आणि आकडा खोटा पडतो.”

परतीच्या वाटेवरच वैजयंतीबाईंनी मनात ठराव लिहिला. ‘विद्यार्थ्यांना स्थानिक प्रशासनाचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, या हेतूने नगरपरिषदेत विद्यार्थी प्रशिक्षणार्थी हे एक पद निर्माण करण्यात यावे.’ यातला एकही शब्द खोटा नाही, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने मंजूर झाला. नगरसेवकांनी बाकं वाजवली.

निवड झाली समिधा आहिरेची. कासारनेरच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आई शिलाई करायची. मुलाखतीत तिला विचारलं, “इथे का यायचंय?” ती म्हणाली, “आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नाही, की आपला अर्ज आत गेल्यावर त्याचं काय होतं. मला ते बघायचंय.” बोलताना तिचे कान लाल झाले होते. नसीमाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी वैजयंतीबाईंकडे पाहून मान हलवली.

“ही पट्टी डोळ्यांवर ताण येतो का ते बघायला आहे,” वैजयंतीबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. समिधाने विश्वासाने हात पुढे केला.

पहिल्याच आठवड्यात ती निकालाचा कागद घेऊन धावत केबिनमध्ये आली. एका मूकबधिर मुलाचा सवलतीच्या पासाचा अर्ज बाद झाला होता, कारण ‘अर्जदाराची ध्वनी-पडताळणी झाली नाही.’

“मॅडम, हे आपण पाठवणार आहोत त्यांना? त्याच्या आईने हे वाचायचं?” तिचा चेहरा तापल्यासारखा झाला होता. “मला तर इथे बसायचीसुद्धा लाज वाटायला लागली.”

वैजयंतीबाईंच्या पडद्यावर आकडा होता एकाहत्तर. निकाल थांबला. मुलाला आईसह बोलावलं आणि पास हातात दिला.

मग ते रोजचंच झालं. समिधामुळे कोणाची टपरी तुटता तुटता वाचली, कोणाचा नळ बंद व्हायचा टळला. अंगठे झिजलेल्या सतरा विडीकामगार बायांचं अनुदान पुन्हा सुरू झालं. चार महिन्यांत एकशे बारा निकाल अडले आणि एकशे चारांच्या बाबतीत खरोखरच अन्याय होणार होता. बाजारात बाया वैजयंतीबाईंना थांबवून हात जोडत. त्यांना त्या जोडलेल्या हातांकडे बघवत नसे. त्या म्हणत, “माझं काही नाही हो त्यात.” लोकांना तो विनय वाटायचा.

पाचव्या महिन्यात नसीमाबाईंचा फोन आला.

“आकडे बघताय ना? अन्यायाच्या निकालांवरची सरासरी बावन्नवरून एकतीसवर आली आहे. पोरगी सरावायला लागली. मी सहा-सात महिने धरले होते, त्याच्या आधीच.”

“शासनाचं पथक पुढच्या महिन्यात येतंय,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “हे पद राज्यभर निर्माण करायचा विचार आहे. आत्ताच मुलगी बदलली तर त्यांना दाखवणार काय? अजून दोन महिने ठेवू या.”

नसीमाबाई आता सावकाश बोलू लागल्या. “एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. सरावणं कचेरीपुरतंच राहतं, असं मी गृहीत धरलं होतं. आता तशी खात्री वाटत नाही. मोठी माणसं कामावरची कातडी घरी जाताना उतरवून ठेवतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मेंदूला ते जमतंच असं नाही. त्याची घडण अजून चालू असते.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते कायमचं असू शकेल.”

वैजयंतीबाईंनी फोन ठेवला. समोर मुदतवाढीचा कागद होता. बाहेरच्या बाकावर कोणीतरी म्हातारा समिधाच्या नावाची चौकशी करत होता. ती मुलगी आपलं काम करून देते, असं त्याने ऐकलं होतं. एका बाजूला एक मुलगी, दुसऱ्या बाजूला एकशे चार घरं, असा हिशेब वैजयंतीबाईंनी मांडला आणि सही केली. सही करताना, हा हिशेब पथकाच्या भेटीसाठी मांडलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सातव्या महिन्यात पोपट जाधव गुरुजी नगरपरिषदेत आले. समिधाला चौथीपर्यंत त्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या राहत्या खोलीवर अतिक्रमणाचा निकाल निघाला होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या नकाशात ती खोली रस्त्यावर दिसत होती. निकाल समिधाने वाचला होता. आकडा सहा.

“अगं समिधा, तू आहेस होय इथे!” गुरुजींचा चेहरा उजळला. “बरं झालं बाई. मी घाबरलो होतो.”

“बसा ना सर.” समिधाने खुर्ची दिली, पाणी दिलं. तिचा आवाज गोड आणि स्वच्छ होता. “तुमचं प्रकरण नियमाप्रमाणे निकाली निघालंय. तीस दिवसांत खोली मोकळी करायची आहे. अपील करायचं असेल तर तीन नंबरची खिडकी.”

“पण पोरी, तू आलेली आहेस त्या खोलीत. तिथेच तर मी तुला पाढे...”

“हो सर. पण ते नोंदीत येत नाही ना.”

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच नजर खाली घातली, जणू काही गैर त्यांच्याच हातून घडलं होतं. केबिनच्या दारात उभ्या असलेल्या वैजयंतीबाईंना तो आवाज ओळखीचा वाटला. तो त्यांचा स्वतःचाच होता.

गुरुजींचं प्रकरण त्यांनी स्वतः थांबवलं. पण दुसऱ्या दिवशी समिधाची आई आली, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

“पोरीला तुम्ही लई पक्की केली बघा, मॅडम,” त्या खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाल्या. “आधी लई हळवी होती. मांजर मेलं तरी दोन दिवस जेवायची नाही. आता तसं काही नाही.” त्या थांबल्या. पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. “परवा वरातीत तिच्या बापाचा दम उखडला. वाजवता वाजवता खालीच बसले. पोरं हसली, मोबाइलवर काढत होती. ही तिथेच होती. ही पण बघत उभी राहिली. घरी आल्यावर म्हटली, बाबांचं आता वय झालं, दुसरा माणूस बघायला सांगा त्यांना. खरंच बोलली, नाही म्हणत नाही मी... पण बाप रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडून होता.”

त्यांनी मान वर केली. “मॅडम, हे इथं शिकवावं लागतं का? कामासाठी?”

सांगून टाकावं, असं वैजयंतीबाईंच्या ओठांपर्यंत आलं. त्या म्हणाल्या, “थोडा कामाचा ताण असेल.” आईने पेढा पुढे केला. तो त्यांना घ्यावा लागला, आणि आईसमोर खावाही लागला.

त्याच दुपारी त्यांनी समिधाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. पट्टी कशाची होती, आकडा काय मोजत होता, तिला का निवडलं होतं, मुदत वाढवताना त्यांना काय माहीत होतं. काहीही झाकलं नाही. मुलगी ओरडेल, रडेल, पट्टी तोडून तोंडावर फेकेल, याची त्या वाट बघत होत्या. खरं तर तेच त्यांना हवं होतं.

समिधाने शांतपणे ऐकून घेतलं.

“अच्छा,” ती म्हणाली. “म्हणून शेवटी शेवटी निकाल थांबत नव्हते. मला वाटलं, अर्जच नीट यायला लागले.” तिने पट्टी काढून टेबलावर व्यवस्थित ठेवली. “मग आता नवी मुलगी घ्यावी लागेल. मॅडम, निवड करताना मी बसू का? इनामदार मॅडम नुसते कान लाल झालेले बघतात. मला जास्त नीट कळेल.”

“समिधा, तुला माझा राग नाही आला?”

तिने प्रामाणिकपणे विचार केला. “यायला पाहिजे, हे कळतंय मला,” ती म्हणाली.

वैजयंतीबाईंनी शासनाला सविस्तर पत्र लिहिलं. हे पद रद्द करावं, निदान विद्यार्थ्यांना खरं सांगावं, अशी विनंती केली. दीड महिन्याने उत्तर आलं. त्यात पत्राबद्दल आभार होते, सरूबाईंच्या मृत्यूचा उल्लेख होता, आणि पद रद्द केल्यास असे किती मृत्यू होतील याचा अंदाज होता. तो अंदाज वैजयंतीबाईंना खोडून काढता आला नाही. विद्यार्थ्यांना खरं सांगण्याबद्दल एक शब्दही नव्हता; त्यांची मुदत मात्र चार महिन्यांवर आणली होती. पद राज्यातल्या सगळ्या नगरपरिषदांसाठी मंजूर झालं होतं.

जूनमध्ये पुन्हा मुलाखती झाल्या. टेबलामागे वैजयंतीबाई आणि त्यांच्या शेजारी समिधा. सहावी उमेदवार आत येताना तिचा धक्का लागून पाण्याचा ग्लास सांडला. तिने ओढणीनेच टेबल पुसायला घेतलं, तीनदा ‘सॉरी’ म्हणाली, बाहेर जाऊन शिपायालाही ‘सॉरी’ म्हणून आली. समिधाने तिच्या नावापुढे बारीक खूण केली आणि कागद वैजयंतीबाईंकडे सरकवला.

मुलगी खुर्चीत अंग चोरून बसली होती. तिने समिधाकडे पाहिलं. वयाने तीच जवळची होती.

“ताई, मला जमेल ना हे काम?”

“जमेल की,” समिधा हसून म्हणाली. “सवय होते हळूहळू.”

मुलगी मोकळेपणी हसली. वैजयंतीबाईंनी पेन उचललं. कागदावर सहीची जागा कुठे आहे, ते शोधण्याच्या निमित्ताने त्या बराच वेळ खाली बघत राहिल्या, आणि मग त्यांनी सही केली.